‘तुम्ही तरी काय वेगळं केलंत?’ : निवडणुकीतल्या दुटप्पीपणाच्या आरोपाचं करायचं काय

महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. त्याआधीच्या महिनाभरात मराठी वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांचा एक साचा ठरून गेला होता. महायुतीच्या प्रवक्त्याला विचारलं, ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे वर्षानुवर्षं कुठून देणार? तो म्हणायचा, आधी काँग्रेसने कर्नाटकातल्या गॅरंटींचं काय झालं ते सांगावं. महाविकास आघाडीच्या प्रवक्त्याला विचारलं, तुम्ही ३,००० रुपये कुठून देणार? तो म्हणायचा, रेवडी, म्हणजे मतांसाठीचं फुकट वाटप, वाईट असं मोदीच म्हणाले होते ना, मग यांनी कसे वाटले? अर्धा तास असा निघून जायचा आणि पैसे कुठून येणार हे कुणीच सांगायचं नाही.

याला आपण दुटप्पीपणाचा आरोप म्हणतो. निवडणूक जवळ आली की हा आरोप सगळ्यात स्वस्त पडतो. अभ्यास लागत नाही, आकडे लागत नाहीत. समोरच्याचं एक जुनं भाषण शोधायचं, त्याला आजचं भाषण जोडायचं आणि मोबाइलवर फिरवायचं. लोकही हसून पुढे पाठवतात. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण आपल्या हाडात मुरलेली असल्यामुळे आपल्याला तो प्रकार लगेच ओळखू येतो. पण ओळखल्यावर त्यातून नेमका काय निष्कर्ष काढायचा, इथे बहुतेकांची गल्लत होते. ती कशी होते हे मी आपल्याच राज्यातली अलीकडची उदाहरणं घेऊन सांगणार आहे, कारण या गल्लतीची किंमत मतदार म्हणून आपण मोजतो आहोत असं मला मनापासून वाटतं.

आधी मूळ गोष्ट. दारू पिणारा बाप मुलाला सांगतो, ‘बाबा रे, दारूला हात लावू नकोस.’ बाप दुटप्पी आहे. तरी त्याचं म्हणणं खरंच आहे. बाप पितो म्हणून दारू चांगली ठरत नाही. आता तोच बाप बायकोला म्हणतो, ‘उद्यापासून सोडतो, घरखर्चाचे पैसे माझ्याकडे दे.’ इथे त्याचं आजवरचं वागणं पाहिलंच पाहिजे, कारण आता तो विश्वास मागतो आहे. माणूस तोच, दुटप्पीपणाही तोच. पहिल्या वेळी तो बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या वेळी तोच मुख्य पुरावा धरायचा. नेता जेव्हा ‘हे धोरण चुकीचं आहे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या म्हणण्यातली कारणं तपासायची. तो जेव्हा ‘मी हे करीन’ म्हणतो, तेव्हा त्याचा इतिहास तपासायचा. टीव्हीवरच्या भांडणात या दोन गोष्टींची खिचडी केली जाते आणि ती जाणूनबुजून केली जाते.

आता लाडक्या बहिणीकडे येऊ. १६ जुलै २०२२ ला उत्तर प्रदेशात जालौन इथे बुंदेलखंड एक्स्प्रेसवेच्या उद्घाटनात पंतप्रधान मोदींनी ‘रेवडी कल्चर’वर टीका केली. फुकट वाटून मतं मिळवण्याची ही पद्धत देशाच्या विकासाला घातक आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशात त्यांच्याच पक्षाच्या सरकारने ‘लाडली बहना’ योजना आणली आणि नोव्हेंबर २०२३ च्या निवडणुकीत भाजपने २३० पैकी १६३ जागा जिंकल्या. जून २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ जाहीर झाली: वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या महिलांना महिन्याला १,५०० रुपये. घोषणा झाल्या झाल्या तलाठी कार्यालयं, सेतू केंद्रं आणि बँकांपुढे रांगा लागल्या. काही दिवसांतच अटी सैल झाल्या. वयाची मर्यादा ६० वरून ६५ वर गेली, पाच एकर जमिनीची अट काढली, अर्जाची मुदत १५ जुलैवरून ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. ऑगस्टच्या मध्यापासून पैसे जमा व्हायला लागले, १७ ऑगस्टला पुण्यात बालेवाडीला मोठा कार्यक्रम झाला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर आचारसंहिता लागली त्याआधी नोव्हेंबरचासुद्धा हप्ता खात्यात पडला होता.

विरोधकांची कथाही सरळ नव्हती. योजना जाहीर झाली तेव्हा ते विचारत होते की तिजोरीत खडखडाट असताना पैसे आणणार कुठून. ३१ ऑक्टोबरला काँग्रेस अध्यक्ष मल्लिकार्जुन खरगे यांनी बेंगळुरूत आपल्याच लोकांना जाहीरपणे बजावलं की अर्थसंकल्पाला झेपेल तेवढ्याच गॅरंटी द्या. ५ नोव्हेंबरला महायुतीने कोल्हापुरात १,५०० चे २,१०० करण्याचं आश्वासन दिलं. ६ नोव्हेंबरला मुंबईत बीकेसीच्या सभेत राहुल गांधी, शरद पवार, उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत महाविकास आघाडीने महिन्याला ३,००० रुपये आणि महिलांना मोफत एसटी प्रवास जाहीर केला.

इथे दोन्हीकडचे लोक एकमेकांना दुटप्पी म्हणाले आणि दोघांचंही खरं होतं. दोघांचं खरं असल्यामुळे वाद तिथेच मिटला, आणि जो हिशोब मांडायला हवा होता तो मांडलाच गेला नाही. तो मांडायला फार वेळ लागत नाही. अंदाजासाठी लाभार्थी २ कोटी ४० लाख धरा. महिन्याला १,५०० म्हणजे एका महिलेला वर्षाला १८,०००. एकूण ४३,२०० कोटी रुपये. सरकारने स्वतः योजनेचा वार्षिक खर्च ४६,००० कोटी सांगितला होता, म्हणजे अंदाज जवळपास जुळतो. २,१०० केले की हा आकडा ६०,४८० कोटी होतो. ३,००० केले की ८६,४०० कोटी. त्या वर्षीच्या राज्याच्या अर्थसंकल्पातला एकूण खर्च होता सुमारे ६ लाख १२ हजार कोटी. म्हणजे राज्य जे काही खर्च करतं, पगार, निवृत्तिवेतन, कर्जावरचं व्याज, रस्ते, शाळा, दवाखाने सगळं धरून, त्यातला साधारण सातवा हिस्सा एका योजनेला. हे शक्य आहे की नाही यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. कर वाढवून देऊ म्हणा, दुसऱ्या योजना बंद करून देऊ म्हणा, कर्ज काढून देऊ म्हणा. पण प्रचारात यातलं काही स्पष्ट बोललं गेलं नाही, कारण ‘रेवडी तुम्हीच म्हणाला होतात’ एवढं म्हटलं की सुटका होत होती.

या भांडणात स्वतः त्या महिलांचा प्रश्नही बाजूला पडला. महिन्याला दीड हजार रुपये शेतमजूर बाईच्या हातात थेट येणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. गॅस सिलिंडर, मुलीची फी, स्वतःचं औषध या गोष्टींसाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही, आणि ज्यांनी तसे हात पसरलेले नाहीत त्यांना त्यातला फरक सांगून कळायचा नाही. ही मदत योग्य की अयोग्य हे मोदी २०२२ मध्ये काय म्हणाले होते यावर ठरत नाही, आणि विरोधकांनी जुलैत काय विचारलं यावरही नाही. ते योजनेच्या गुणदोषांवर ठरतं.

मग त्या जुन्या भाषणाचा उपयोग काहीच नाही का? आहे. तो वचनाच्या बाबतीत आहे. निवडणूक झाली, महायुतीने २३० जागा जिंकल्या. मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला, त्यात २,१०० चा उल्लेख नव्हता. योजनेसाठी तरतूद झाली ३६,००० कोटींची, म्हणजे आधी सांगितलेल्या ४६,००० कोटींपेक्षाही कमी. नंतर पात्रतेची छाननी सुरू झाली. जाहीरनामा पाच वर्षांचा असतो, योग्य वेळी देऊ, असं उत्तर सत्ताधाऱ्यांकडून मिळालं. ज्या पक्षाच्या सर्वोच्च नेत्याने अशा वाटपाला घातक म्हटलं होतं, तोच पक्ष निवडणुकीच्या तोंडावर वाटपाची रक्कम वाढवायला निघाला, तेव्हाच मतदाराने सावध व्हायला हवं होतं. योजना वाईट आहे म्हणून नाही. हे वचन विचारातून आलं की घाईतून, याचा तो सुगावा होता म्हणून. खरगेंच्या बेंगळुरूतल्या सल्ल्यानंतर सहा दिवसांत आलेल्या ३,००० च्या घोषणेलाही हाच न्याय लागू होतो. आघाडी सत्तेत आली नाही, त्यामुळे त्यांची परीक्षा झाली नाही, इतकंच.

मत बदलणं हा गुन्हा नाही, हेही इथेच सांगायला हवं. नेत्याने दहा वर्षांपूर्वीचंच धरून बसावं अशी अपेक्षा ठेवली तर आपण हट्टी माणसंच निवडून देऊ. मोदी मुख्यमंत्री असताना गुजरातचा जीएसटीच्या तेव्हाच्या मसुद्याला विरोध होता आणि केंद्रात आल्यावर त्यांच्याच सरकारने जीएसटी लागू केला. काँग्रेसने सत्तेत असताना जीएसटीसाठी धडपड केली आणि विरोधात गेल्यावर लागू झालेल्या जीएसटीवर कडक टीका केली. दोन्हीकडे थोडा दुटप्पीपणा होता, पण दोन्हीकडे थोडी कारणंही होती: राज्यांना भरपाईची हमी कशी द्यायची, दर किती ठेवायचे, किती टप्पे करायचे. खुर्ची बदलली की दृष्टी बदलते, हे काही प्रमाणात स्वाभाविक आहे. मुख्यमंत्र्याला आपल्या राज्याचा महसूल दिसतो, पंतप्रधानाला देशाची बाजारपेठ. प्रश्न एवढाच विचारायचा की बदलाचं कारण सांगितलं का. आधी मी असं म्हणत होतो, आता अमुक कळलं किंवा अमुक परिस्थिती बदलली म्हणून असं म्हणतो, असं जो नेता बोलतो त्याचा मला आदर वाटतो, तो कुठल्याही पक्षाचा असो. आपण तसं बोलणाऱ्याला ‘पलटी मारली’ म्हणून झोडपतो आणि जुनं भाषण झालंच नाही असं वागणाऱ्याला सोडून देतो, ही आपलीच चूक आहे.

आता जरा अवघड उदाहरण घेऊ. फोडाफोडी. महाराष्ट्राच्या राजकारणात दुटप्पीपणाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट आरोप हाच आहे, आणि त्यात वर्ष येतं ते १९७८. त्या वर्षी जुलैत शरद पवार वसंतदादा पाटलांच्या सरकारमधून बाहेर पडले, सरकार कोसळलं आणि १८ जुलैला वयाच्या ३८ व्या वर्षी पवार ‘पुलोद’चे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे, मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर खुपसला’ हे शब्द तेव्हापासून त्यांच्या नावाला चिकटले ते चिकटलेच. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेच्या आमदारांसह बाहेर पडले आणि २ जुलै २०२३ ला अजित पवार सरकारमध्ये गेले. त्यांच्यावर गद्दारीचा आरोप होताच उत्तर तयार होतं: १९७८ ला थोरल्या पवारांनी केलं ती मुत्सद्देगिरी आणि आम्ही केली ती गद्दारी, हे कसं? यावर शरद पवारांची बाजू अशी की १९७८ चा निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला होता. आणि ज्या भाजपचे नेते १९७८ ची आठवण काढत होते, त्या पक्षाचे पूर्वसुरी, म्हणजे जनता पक्षात विलीन झालेले जनसंघाचे लोक, त्या पुलोद सरकारमध्ये मंत्री होते. हशू अडवाणी आणि उत्तमराव पाटील ही त्यातली दोन नावं.

असं एकमेकांच्या ताटात पाहत बसलं की वाटतं, सगळे सारखेच, कशाला डोकं लावायचं? पण थोडं डोकं लावलं तर एक मोठा फरक दिसतो. १९७८ मध्ये पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो ५२ व्या घटनादुरुस्तीने १९८५ मध्ये आला आणि घटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर चालत असे. ती पळवाट २००३ मध्ये ९१ व्या दुरुस्तीने बंद झाली, आणि फक्त दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट राहिली. शिंदे गटाने विलीनीकरण केलं नाही, अजित पवार गटानेही नाही. मूळ पक्ष आम्हीच, असा दावा दोघांनी केला. म्हणजे १९७८ मध्ये प्रश्न नैतिकतेचा होता, आणि २०२२-२३ मध्ये नैतिकतेच्या जोडीला लिखित नियम मोडला की नाही हाही प्रश्न होता. शिवसेनेच्या बाबतीत तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, आणि पक्षादेश काढणारा प्रतोद राजकीय पक्षच नेमतो, विधिमंडळातला गट नाही. उद्धव ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार मात्र परत आणता येणार नव्हतं. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे गेला. तो १० जानेवारी २०२४ ला आला आणि त्यात शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. बंड झालं होतं जून २०२२ मध्ये.

माझ्या मते या प्रकरणातली खरी लाज या दीड वर्षाच्या विलंबात आहे. विधानसभेची मुदतच पाच वर्षांची. आमदार पात्र आहे की नाही हे ठरायला त्यातला एवढा काळ जात असेल तर कायदा असून नसल्यासारखा. पण यावर किती चर्चा झाली? ‘तुमच्या साहेबांनी १९७८ ला काय केलं’ या एका वाक्याने तो प्रश्न गिळून टाकला. आणि हे फक्त एका बाजूने झालं नाही. २०१९ मध्ये शिवसेनेने भाजपशी युती करून मतं मागितली आणि सरकार केलं काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर. त्यात कुठलाही कायदा मोडला नव्हता, पण युती म्हणून मत दिलेल्या माणसाला फसल्यासारखं वाटलं असेल तर त्याची भावना खोटी नव्हती. त्याला उत्तर म्हणून भाजपने आणि अजित पवारांनी त्याच नोव्हेंबरात पहाटे केलेला शपथविधी दाखवला गेला. उत्तर बिनतोड वाटलं, मतदाराचा प्रश्न तसाच राहिला.

खरा, निव्वळ दुटप्पीपणा कसा असतो तेही या काळाने दाखवलं. २७ जून २०२३ ला भोपाळमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर सुमारे ७०,००० कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला. त्यात सिंचन होतं, सहकारी बँक होती. पाच दिवसांनी त्याच पक्षाचे नेते भाजपच्या मांडीला मांडी लावून सरकारमध्ये बसले. आरोप सिद्ध झालेला नव्हता आणि तो खरा की खोटा हे ठरवणं माझं काम नाही. पण खरा असेल तर त्यांना सोबत कसं घेतलं, आणि खोटा असेल तर तो मागे का घेतला नाही, यातल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर मतदाराला मिळायला हवं होतं. परिस्थिती बदलली म्हणावं तर पाच दिवसांत काय बदललं? तसंच, जे विरोधक अजित पवार आपल्याकडे असताना या आरोपांना सूडाचं राजकारण म्हणत होते, त्यांनी ते पलीकडे गेल्यावर तेच ७०,००० कोटी भाषणात वापरायला सुरुवात केली. एकाच वेळी, एकाच गोष्टीला, आपल्याला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, आणि मधे कारणाचा एक शब्द नाही. अशा वेळी आरोप करणाऱ्याचं जरूर ऐकावं.

ईव्हीएमबद्दल थोडक्यात सांगतो. २००९ ची लोकसभा हरल्यावर भाजपच्या लालकृष्ण अडवाणींनी यंत्रांवर शंका घेतली होती. आज भाजप यंत्रांच्या बाजूने उभा आहे आणि काँग्रेस शंका घेते. २०२४ ला महाराष्ट्रात लोकसभेच्या ३० जागा जिंकल्यावर महाविकास आघाडीला यंत्रांचा फारसा त्रास नव्हता, विधानसभा हरल्यावर झाला. २६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका परत आणण्याची एक याचिका फेटाळताना चंद्राबाबू नायडू आणि जगनमोहन रेड्डी यांचा दाखला देऊन हेच म्हटलं, की हरलं की यंत्र खराब आणि जिंकलं की चांगलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणून मोकळे होतो. पण व्हीव्हीपॅटची चिठ्ठी, जी मत दिल्यावर काचेतून दिसते, ती अशाच तक्रारींतून आली. सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर ८ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणायला सांगितली. तक्रार करणाऱ्यांचा स्वार्थ होता म्हणून ती तक्रार ऐकलीच नसती तर आज ही चिठ्ठी नसती. सोयीनुसार बोलणारा माणूसही बरोबर असू शकतो, हे या एका उदाहरणात पुरेसं दिसतं.

दुटप्पीपणाच्या आरोपांचा सगळ्यात मोठा तोटा ज्याच्यावर आरोप होतो त्याला होत नाही. दोन्हीकडून चिखलफेक झाली की ऐकणारा म्हणतो, सगळेच चोर. एकदा हे मनात बसलं की कमी चुकणारा आणि जास्त चुकणारा यांत फरक करायची गरज उरत नाही, आणि जास्त चुकणाऱ्याला हेच हवं असतं. मला याची काळजी वाटते, कारण ‘सगळे सारखेच’ म्हणणारे लोक मी पाहतो ते बेफिकीर नसतात. ऐकून ऐकून थकलेले असतात.

म्हणून पुढच्या प्रचारात कुणी दारात आला आणि तुमच्या प्रश्नावर समोरच्या पक्षाचं जुनं प्रकरण काढू लागला, तर त्याला थांबवून म्हणता येईल: त्यांचं मी त्यांना विचारीन, तुमचं तुम्ही सांगा. आणि विचारायला एक भक्कम आधारही आहे. ५ जुलै २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला निवडणूक आयोगाला सांगितलं, आणि २०१४ मध्ये आयोगाने ती आचारसंहितेत घातली. जाहीरनाम्यातल्या आश्वासनांमागचा विचार दिसला पाहिजे, त्यासाठी लागणारा पैसा कसा उभा करणार हे ढोबळमानाने सांगितलं पाहिजे, आणि पुरी करता येतील अशीच आश्वासनं द्यावीत, असं त्यात लिहिलं आहे. हे कलम सगळ्या पक्षांना सारखंच लागू आहे. जाहीरनाम्याची प्रत हातात घ्या, पैशाच्या घोषणेवर बोट ठेवा आणि ती रक्कम कुठून येणार ते कुठल्या पानावर लिहिलं आहे, एवढंच विचारा.